सिंहाचें नांव आणि सिंहाचें घर

एखादी सावकारी पेढी बुडाली म्हणजे तिच्या दारास टाळें लागतें आणि वर्षा-दोन वर्षांत लोक तिचें नांवहि विसरून जातात. चित्रपटसंस्थेचें तसें नसतें. तिचा खजिना रिता झाला, तिची जागा विकली गेली, तिचीं माणसें पांगलीं, तरी तिचे जुने बोलपट जगाच्या कोठल्या ना कोठल्या पडद्यावर चालूच असतात आणि प्रेक्षकाला वाटत राहतें कीं, संस्था सुखरूप आहे. अमेरिकेंतील मेट्रो-गोल्डविन-मेयर ही संस्था या भासाचें सर्वांत ठळक उदाहरण होय. पडद्यावर सिंह मान वळवून गर्जना करतो आणि मग चित्रपटास आरंभ होतो, हें दृश्य ज्यानें पाहिलें नाहीं असा शहरांतील चित्रपटप्रेमी विरळा. त्या सिंहाच्या मागें उभ्या असलेल्या संस्थेवर गेल्या अर्धशतकाहून अधिक काळांत विक्रीचे, वाटणीचे आणि दिवाळखोरीचे प्रसंग किती वेळां आले, आणि ते कां आले, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें.

हा इतिहास केवळ कुतूहलापुरता नाहीं. एखादी मोठी चित्रपटसंस्था संकटांत सांपडली म्हणजे ती विकत घेण्यास गिऱ्हाइकें पुढें येतात, किंमतीची घासाघीस होते, वर्तमानपत्रांत आंकडे झळकतात. परंतु विकली जाते ती वस्तु नेमकी कोणती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. चित्रपटसंस्थेजवळ पांच प्रकारची संपत्ति असते: चित्रणाची जागा, कसबी माणसें, चित्रपट दाखविण्याचीं साधनें, जुन्या चित्रपटांचा संग्रह आणि नांवलौकिक. या पांचहि गोष्टी एकत्र असतात तोंवर संस्था जिवंत असते. त्या सुट्या करून विकतां येतात, आणि तसें करण्यांत तात्पुरता फायदाहि होतो. संस्थेवरील संकटाचें मूळ बहुधा त्या फायद्यांतच असतें.

इ. स. १९२४ मध्यें चित्रगृहांचे धनाढ्य मालक मार्कस लो यांनीं मेट्रो, गोल्डविन आणि मेयर अशा तीन संस्था एकत्र केल्या. गंमत अशी कीं, ज्यांचें नांव या जोडनांवाच्या मध्यभागीं बसलें ते सॅम्युएल गोल्डविन आपल्या मूळ संस्थेंतून आधींच बाहेर पडले होते आणि या नव्या संस्थेंत ते कधींच नव्हते. कारभार लुई मेयर यांच्याकडे आला आणि चित्रनिर्मितीची सूत्रें अर्व्हिंग थालबर्ग या अगदीं तरुण गृहस्थाकडे गेलीं. लॉस एंजलिसजवळील कल्व्हर सिटि येथें संस्थेचें एक लहानसें नगरच वसलें. सुतार, शिंपी, रंगारी, वादक, लेखक, छायालेखक आणि नट-नटी हे सर्व तेथें पगारी चाकर असत. ग्रेटा गार्बो आणि क्लार्क गेबल यांच्यासारखे तारे याच आकाशांत चमकले. १९३० नंतरच्या जागतिक मंदींत इतर संस्था डबघाईस आल्या असतां ही संस्था नफ्यांत राहिली.

या वैभवाचें रहस्य केवळ तारे-तारकांत नव्हतें. तयार झालेला चित्रपट कोठें दाखवावयाचा याची संस्थेला चिंता नसे, कारण मातृसंस्थेचीं चित्रगृहें हाताशीं होतीं. चित्रपट चांगला असो वा सामान्य, त्याला पडदा मिळणार हें ठरलेलेंच असे. ही पद्धति अमेरिकेपुरती नव्हती. मुंबईंत धोबी तलावाच्या चौकांत १९३८ सालीं उघडलेलें मेट्रो चित्रगृह याच संस्थेनें आपले बोलपट दाखविण्यासाठीं बांधलें होतें. पुढें त्या वास्तूची मालकी बदलली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभीं तिच्या पोटांत अनेक पडदे उभे राहिले. परंतु दारावरचें मेट्रो हें नांव मात्र टिकलें.

पहिला घाव याच आधारावर बसला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९४८ सालीं असा निर्णय दिला कीं, चित्रपट काढणारानेंच चित्रगृहेंहि ताब्यांत ठेवावीं ही मक्तेदारी होय. त्याप्रमाणें मोठ्या संस्थांना आपलीं चित्रगृहें वेगळीं करावीं लागलीं आणि मेट्रोच्या मातृसंस्थेची ही फारकत १९५९ सालीं पुरी झाली. याच सुमारास घरोघरीं दूरचित्रवाणी आली आणि आठवड्यास ठराविक दिवशीं चित्रपटास जाण्याची कुटुंबांची संवय मोडली. १९५१ सालीं मेयर यांना संस्था सोडावी लागली. १९५९ च्या ‘बेन-हर’ या भव्य चित्रपटानें अकरा अकादमी पारितोषिकें मिळविलीं आणि पैसाहि मिळवून दिला. पण तेंच यश पुन्हां मिळविण्याच्या हव्यासानें काढलेला १९६२ चा ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’ हा खर्चिक चित्रपट तोट्यांत गेला. एका चित्रपटावर सारें भवितव्य टांगण्याची ही रीति पुढें पुन्हां पुन्हां दिसते.

१९६९ सालीं कर्क कर्कोरियन नांवाच्या धनिकानें संस्थेचा ताबा मिळविला. हे गृहस्थ विमानवाहतूक आणि लास व्हेगस येथील विलासगृहें यांच्या व्यवसायांत नांवाजलेले होते. त्यांच्या दृष्टीनें कल्व्हर सिटींतील विस्तीर्ण जागा ही चित्रभूमि नसून शहरालगतची मोलाची जमीन होती. पुढील वर्षींच संस्थेचीं वस्त्रें, भांडीं, रथ, गलबतें, राजसिंहासनें यांचा लिलांव झाला. ‘विझर्ड ऑफ ऑझ’ या १९३९ च्या चित्रपटांतील जुडी गार्लंड हिच्या माणिकरंगी पादत्राणांचा एक जोड त्या लिलांवांत १५,००० डॉलरांस गेला. चित्रणाच्या मोकळ्या जागेचे तुकडे घरें बांधणारांस विकले गेले. १९७३ सालीं संस्थेनें स्वतःचें वितरणखातें बंद केलें आणि त्याच वर्षीं तिच्या नांवाचें प्रचंड होटेल लास व्हेगस येथें उघडलें. नांव जुनेंच होतें. त्या नांवाखालीं चालणारा धंदा मात्र बदलला होता.

पुढें एकदां संस्थेनें उलट दिशेनेंहि पाऊल टाकून पाहिलें. चार्ली चॅप्लिन, मेरी पिकफोर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनीं १९१९ सालीं स्थापिलेली युनायटेड आर्टिस्ट्स ही संस्था ‘हेवन्स गेट’ या एकाच महागड्या चित्रपटाच्या अपयशानें खचली होती. १९८१ सालीं मेट्रोनें ती सुमारें ३८ कोटि डॉलरांस विकत घेतली. या व्यवहारांत वितरणाची व्यवस्था परत हातीं आलीच, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे जेम्स बाँडच्या चित्रपटांतील हक्क आले. आज मेट्रोची म्हणून जी सर्वांत कमाऊ मालमत्ता ओळखली जाते ती अशी दुसऱ्याच्या घरून आलेली आहे.

यानंतर १९८६ सालीं जी वाटणी झाली ती चित्रपटव्यवसायाच्या इतिहासांत अपूर्व म्हणावी लागेल. टेड टर्नर या दूरचित्रवाणीच्या व्यवसायिकानें सुमारें १५० कोटि डॉलरांस सारी संस्था विकत घेतली. परंतु कर्जाचा भार न पेलल्यामुळें कांहीं महिन्यांतच तिचे बहुतेक भाग त्यांना पुन्हां विकावे लागले. कल्व्हर सिटीची जागा दुसऱ्या एका संस्थेकडे गेली आणि पुढें ती सोनी या जपानी उद्योगसमूहाच्या हातीं आली. सिंहाचें बोधचिन्ह आणि संस्थेचें नांव कर्कोरियन यांच्याकडे परतलें. टर्नर यांनीं स्वतःकडे ठेवली ती फक्त एक गोष्ट: मेट्रोच्या तोंवरच्या जुन्या चित्रपटांचा संग्रह. त्या वेळीं अनेकांनीं त्यांना वेड्यांत काढलें. पण त्याच संग्रहाच्या बळावर त्यांनीं दूरचित्रवाणीच्या नव्या वाहिन्या चालविल्या, आणि १९९६ सालीं त्यांचा व्यवसाय टाइम वॉर्नरमध्यें विलीन झाला तेव्हां तो संग्रह वॉर्नरच्या घरीं गेला.

याचा परिणाम असा कीं, ‘विझर्ड ऑफ ऑझ’, ‘सिंगिंग इन द रेन’ आणि ‘बेन-हर’ हे चित्रपट पडद्यावर सिंहाच्या गर्जनेनें सुरू होतात, पण त्यांचें उत्पन्न सिंहाच्या संस्थेकडे जात नाहीं. संस्थेच्या मूळ जागेवर पाटी तिसऱ्याच संस्थेची आहे. घर एकाकडे, दागिने दुसऱ्याकडे आणि घराण्याचें नांव तिसऱ्याकडे, अशी ही वाटणी झाली. उरलेल्या संस्थेचा पुढील संग्रह मुख्यतः युनायटेड आर्टिस्ट्स आणि मागाहून विकत घेतलेल्या लहानमोठ्या संस्था यांच्या चित्रपटांचा बनला.

नांवाचें मोल मात्र कमी झालें नव्हतें. १९९० सालीं जिआंकार्लो पार्रेत्ती या इटालियन गृहस्थानें सुमारें १३० कोटि डॉलरांस संस्था घेतली. पैसा मुख्यतः क्रेदी लिओने या फ्रेंच सरकारी बँकेचा होता. थोड्याच काळांत देणीं थकलीं, वाद न्यायालयांत गेला आणि संस्था बँकेच्या ताब्यांत आली. कर्ज देणारी बँक स्वतःच चित्रपटसंस्थेची मालक होऊन बसली. तिनें अखेर १९९६ सालीं ती विकली, आणि विकत घेणारांत प्रमुख होते पुन्हां तेच कर्कोरियन. एकाच माणसानें एकच संस्था तीन वेळां विकत घ्यावी आणि तीन वेळां विकावी हा योग विलक्षणच. त्यांची तिसरी विक्री २००५ सालीं झाली आणि तिच्यांतूनच पुढचें मोठें अरिष्ट ओढवलें.

तें अरिष्ट समजण्यास चित्रपटाच्या धंद्याचें गणित थोडें पाहिलें पाहिजे. चित्रपटास पैसा आधीं घालावा लागतो आणि तो परत येण्यास दोन-तीन वर्षें लागतात. त्यांतहि दहा चित्रपट काढले तर सहाचें उत्पन्न कसेंबसें खर्चापुरतें होईल किंवा तेंहि होणार नाहीं, दोन-तीन बऱ्यापैकीं चालतील आणि एखादाच असा निघेल कीं, तो साऱ्यांची भरपाई करील. हा एखादा कोणता, हें आधीं कोणासहि सांगतां येत नाहीं. म्हणून दहाहि काढावे लागतात. मधल्या दुष्काळांत तग धरण्यासाठीं जुन्या चित्रपटांच्या संग्रहाचें संथ पण नियमित उत्पन्न उपयोगी पडतें. शेतकऱ्याच्या घरीं बियाण्याची कणगी असते तसा हा संग्रह होय. त्यांतून घरखर्च भागवावा, पुढच्या पेरणीस दाणा काढावा आणि नव्या पिकांतून कणगी पुन्हां भरावी, असा हा व्यवहार आहे.

२००५ सालच्या खरेदीदारांनीं, म्हणजे सोनी आणि तिच्या जोडीस आलेल्या गुंतवणूकदार संस्थांनीं, ही सारी कणगीच सावकाराकडे लावली. खरेदीची एकूण रक्कम सुमारें ५०० कोटि डॉलर होती आणि तिचा फार मोठा भाग कर्जाऊ काढलेला होता. हें कर्ज खरेदीदारांच्या डोईवर न राहतां विकत घेतलेल्या संस्थेच्याच खातीं पडलें. व्यवहार करणारांचा हिशेब असा कीं, जुन्या चित्रपटांच्या डीव्हीडी नांवाच्या चकत्या लोक घरोघरीं विकत घेत आहेत. त्या विक्रींतून व्याज सहज सुटेल. परंतु त्याच सुमारास त्या चकत्यांच्या विक्रीचा भर ओसरूं लागला. व्याज मात्र ओसरलें नाहीं. संग्रहाचें उत्पन्न व्याजांत जाऊं लागलें, नव्या चित्रपटांस भांडवल उरेना, नवे चित्रपट नाहींत म्हणून संग्रहांत भर पडेना, आणि भर नाहीं म्हणून उत्पन्न आणखी घटलें. या चक्रांत सांपडलेल्या संस्थेस एखादा यशस्वी चित्रपटहि वांचवूं शकत नाहीं. त्याचा पैसा सावकाराच्या दारीं आधींच पोंचता झालेला असतो.

२००९ अखेर कर्ज जवळजवळ ४०० कोटि डॉलरांवर गेलें आणि व्याजाचे हप्ते भरण्यास धनकोंकडून पुनःपुन्हां मुदत मागून घ्यावी लागली. संस्था विक्रीस काढली, तेव्हां आलेल्या मागण्या कर्जाच्या निम्म्यासहि पोंचेनात. या अनिश्चितीची झळ कोणास लागली तें पाहण्यासारखें आहे. एप्रिल २०१० मध्यें बाँडच्या निर्मात्यांनीं जाहीर केलें कीं, संस्थेच्या भवितव्याचा निकाल लागत नाहीं म्हणून नव्या चित्रपटाचें काम थांबविण्यांत येत आहे. ‘हॉबिट’ या चित्रमालेंत संस्थेचा वांटा होता. तिचें चित्रण सुरू होण्याचें चिन्ह दिसेना आणि या विलंबाचें कारण देऊन दिग्दर्शक गियेर्मो देल तोरो त्याच वर्षाच्या मे महिन्यांत तिच्यांतून बाहेर पडले. धनको आणि मालक यांच्या बैठका चालू होत्या. पण ज्यांच्या हातून चित्रपट घडावयाचे ते लेखक, कारागीर आणि नट मात्र काम कधीं सुरू होतें याची वाट पाहत होते. चित्रपटसंस्थेच्या दुखण्याचा खरा त्रास असा असतो.

३ नोव्हेंबर २०१० रोजीं संस्थेनें अमेरिकेच्या कायद्याखालीं दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे दिवाळें म्हटलें म्हणजे सर्वनाश असा अर्थ मनांत येतो. त्या देशाच्या कायद्यांत दोन वाटा आहेत. एका वाटेनें मालमत्ता विकून देणेकऱ्यांची जमेल तेवढी भागवाभागव होते आणि संस्था संपते. दुसऱ्या वाटेनें संस्था चालू ठेवून तिच्या देण्यांची नवी घडी बसविली जाते. मेट्रोनें ही दुसरी वाट धरली आणि धनकोंची संमति आधींच मिळविलेली असल्यामुळें काम थोड्याच आठवड्यांत उरकलें. धनकोंनीं कर्जावर पाणी सोडलें आणि त्याच्या बदल्यांत संस्थेची मालकी घेतली. २००५ सालच्या गुंतवणूकदारांचें भांडवल बुडालें. ५० कोटि डॉलरांचें नवें कर्ज उभारलें आणि कारभार अनुभवी निर्मात्यांच्या हातीं दिला.

मानेवरचें जोखड उतरतांच काय होऊं शकतें हें दोन वर्षांत दिसून आलें. २०१२ सालीं बाँडचा ‘स्कायफॉल’ आणि ‘हॉबिट’चा पहिला भाग असे दोन्ही चित्रपट पडद्यावर आले आणि त्या प्रत्येकानें जगभर १०० कोटि डॉलरांहून अधिक गल्ला जमविला. बाँड तोच होता, संग्रह तोच होता, नांवहि तेंच होतें. बदल एवढाच झाला होता कीं, मिळालेला पैसा पुन्हां चित्रपटांत घालण्याची संस्थेस मोकळीक मिळाली होती. दोन वर्षांपूर्वीं जी संस्था मरणासन्न म्हणून सांगितली जात होती तिचें दुखणें कलेचें नव्हतें, कर्जाचें होतें, हें यावरून सिद्ध होतें.

धनको मालक झाले तरी त्यांचा हेतु शेवटीं विकून मोकळें होण्याचाच असतो. मे २०२१ मध्यें ॲमेझॉन या व्यापारी संस्थेनें ८४५ कोटि डॉलरांस मेट्रो विकत घेण्याचें जाहीर केलें आणि मार्च २०२२ मध्यें हा व्यवहार पुरा झाला. त्या वेळीं संस्थेच्या संग्रहांत ४,००० हून अधिक चित्रपट आणि १७,००० दूरचित्रवाणीचे खेळ होते. रक्कम प्रचंड वाटते. परंतु घेणाराची २०२१ सालची उलाढाल सुमारें ४७,००० कोटि डॉलर होती, म्हणजे ही किंमत तिच्या एका आठवड्याच्या उलाढालीहूनहि कमी भरली. २०२५ सालीं बाँडच्या चित्रपटांचें कलाविषयक नियंत्रणहि जुन्या निर्मात्यांकडून नव्या मालकाकडे आलें आणि पुढील बाँडपटासाठीं दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्ह यांची निवड जाहीर झाली.

या आंकड्यांत संस्थेची नवी सुरक्षितता आहे आणि नवा धोकाहि आहे. आतां दारांत सावकार उभा राहण्याची भीति उरली नाहीं. पण ज्या मालकाचें पोट चित्रपटावर अवलंबून नाहीं, त्याला चित्रपट बंद करणेंहि जड जात नाहीं. पूर्वीं संस्थेचीं चित्रगृहें होतीं तीं तिच्या चित्रपटांसाठीं. आतां संस्थेचे चित्रपट आहेत ते दुसऱ्याच व्यापाराकडे गिऱ्हाईक ओढण्यासाठीं. हा चित्रपट लोकांनीं चित्रगृहांत एकत्र बसून पाहावा, कीं घरच्या पडद्यावर एकट्यानें पाहावा, याचा निर्णयहि त्या व्यापाराच्या सोयीनें होण्याचा संभव असतो. मालक बदलला म्हणजे संस्थेचें भवितव्य निश्चित झालें असें समजणें म्हणून धाडसाचें होईल. अनिश्चिति संपलेली नाहीं. तिचें रूप बदललें आहे.

सिंहाभोवतींच्या पट्टीवर ‘कलेसाठीं कला’ अशा अर्थाचीं लॅटिन अक्षरें आहेत. २०२१ सालीं त्या पट्टीच्या मध्यें असलेल्या जिवंत सिंहाच्या चित्रणाच्या जागीं संगणकानें घडविलेला सिंह आला. तो पूर्वीच्या सिंहाहून अधिक रेखीव आहे आणि गर्जनाहि करतो. परंतु संस्थेच्या प्रकृतीची परीक्षा गर्जनेवरून करणें हा शंभर वर्षांचा भ्रम आहे. परीक्षा करावयाचीच तर ती अशी करावी: या वर्षीं किती नवे चित्रपट सुरू झाले, त्यांपैकीं किती नव्या लेखकांच्या आणि दिग्दर्शकांच्या हातचे आहेत, आणि जुन्या चित्रपटांनीं मिळविलेला पैसा त्यांच्याकडे जातो कीं दुसरीकडे. या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील तर घर गेलें, दागिने गेले, तरी घराणें चालू आहे असें म्हणतां येईल. तीं तशीं नसतील तर कितीहि कोटि डॉलर मोजले गेले असले, तरी विकत घेतलें गेलें तें केवळ एक नांव होय.